पहिल्या पाण्याचं ओझं

आमच्या गावचा तलाव बांधला तेव्हा त्यात आमची निम्मी शेती बुडाली. ही माझ्या आज्याच्या बापाच्या वेळची गोष्ट. गाव ज्याच्या मालकीचा होता त्या मालगुजारानं त्याला बुडालेल्या जमिनीचा पैसा दिला नाही, बदली जमीनही दिली नाही. शब्द दिला. पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला लागून उंचावर धानाच्या शेताची जी एक मोठी बांधी उरली होती, तिच्या धानाला दर साली तलावाचं पहिलं पाणी मिळेल. आणि त्याच्या बदल्यात आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या तलावाचा तुडुम सांभाळायचा. दोघांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं, गावानं बघितलं, झालं. कागद नाही की शिक्का नाही. बोलणारे दोघं बोलून मोकळे झाले आणि यथावकाश मरूनही गेले. त्यांचं बोलणं मात्र मेलं नाही, ते माझ्या गळ्यात येऊन पडलं. मला अजूनही त्या दोघांचा राग येतो.

तुडुम म्हणजे काय, हे तलाव नसलेल्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागतं. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात, पायऱ्यापायऱ्यांचं दगडी बांधकाम असतं. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात चिंध्या गुंडाळून ठोकलेली लाकडी डाट. डाट काढली की पाणी पाळीच्या पोटातून पलीकडे पाटात जातं आणि पाटातून बांध्यांमध्ये. तलाव तुडुंब असतो तेव्हा सगळ्यात वरची डाट काढायची, पाणी उतरत गेलं की खालच्या. आमच्या उंच बांधीत चढायचं ते फक्त वरच्या डाटेचं पाणी. एकदा तलाव हातभर खाली गेला की मग तुम्ही देव पाण्यात घालून बसा, आमच्या बांधीत थेंब यायचा नाही. म्हणजे आम्हाला पहिलं पाणी मिळालं तर मिळालं, नाहीतर मिळालंच नाही.

आणि तुडुम सांभाळणं म्हणजे नुसतं वर्षातून चारदा बुडी मारणं नव्हे. पावसाळाभर पाळीवरून फिरायचं, खेकड्यांनी केलेली बिळं शोधून चिखलानं बुजवायची. उन्हाळ्यात दारोदार जाऊन लोकांना पाळीवर माती टाकायला बोलवायचं आणि त्यांची नाटकं ऐकायची. पाणी सोडलं की पाटावर उभं राहून भांडणं सोडवायची. पाणी कमी पोचलं तर आम्ही चोर, जास्त पोचलं तर आम्ही आंधळे. माझा बा शांत माणूस होता. तो शिव्या खाऊन घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, ‘‘जेवाले वाढ.’’

बाला मुलगा नव्हता. मी एकटीच. तुडुमावर काठी धरून उभं राहायला, वरून चिंध्या द्यायला त्याला कोणीतरी लागायचं, म्हणून मी जायची. पाण्यात डोळे उघडे कसे ठेवायचे, डाट हलत नसेल तर पायांनी दगडाला रेटा कसा द्यायचा, हे त्यानं मला शिकवलं असं नाही. त्याच्यासोबत राहून ते मला यायला लागलं, जसं घरात राहून भाकरी यायला लागते. पुढे माझं लग्न झालं, दवनीवाड्याच्या बाजूला एका धानाच्या गावात मला दिलं, आणि मी तलाव विसरले. सासरी विहीर होती. विहिरीचं पाणी कोणाच्या शब्दावर चालत नाही, हे मला फार आवडलं होतं.

माझ्या लग्नानंतर जुन्या मालगुजाराच्या नातवांनी गाव विकून टाकला. घेतला गोंदियाच्या एका धानाच्या व्यापाऱ्यानं. त्याला सगळे सेठजी म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला आमचा गाव म्हणजे धानाचं मोठं पोतं वाटायचं. तो महिन्यातून एकदा दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून यायचा, तलावाचे मासे आणि सिंगाडे कोणाला द्यायचे ते ठरवायचा आणि निघून जायचा.

भादव्याच्या शेवटाला पाऊस गेला आणि त्याच आठवड्यात बा गेला. ताप आला, छातीत कफ भरला, दोन दिवसांत सगळं आटोपलं. निरोप आला तशी मी नवऱ्यासोबत माहेरी आले. पोरगी तेव्हा माझ्या अंगावर पीत होती. माय कोपऱ्यात बसून होती, ती रडतही नव्हती. आणि बाहेर सगळ्या गावाचं धान पोटरीवर येऊन पाण्यासाठी तोंड वासून उभं होतं.

आमच्याकडे रीत अशी, की तुडुम सांभाळणारा मेला तर त्यानंतर पहिल्यांदा तुडुम उघडताना त्याच्या घरच्या माणसानं पाण्यात उतरायचं. उतरला, की बापाचं पहिलं पाणीही त्याचं आणि बापाचं कामही त्याचं. मालगुजार त्याला पाळीवरच शेला आणि नारळ द्यायचा. आणि घरचं कोणी उतरलंच नाही, दुसऱ्यानं डाट काढली, तर त्या घराचा शब्द संपला. आता सुतकात तलावात उतरायचं नाही, हेही तितकंच पक्कं. एरवी बाचा दहावा-तेरावा होईपर्यंत गावानं वाट पाहिली असती. पण धान वाट पाहायला तयार नव्हतं.

पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली पंच बसले. सेठजीही आला होता. मी थोडी लांब, पोरीला मांडीवर घेऊन बसले होते.

सेठजी म्हणाला, ‘‘वो वचन पुराने मालगुजार ने दिया था, मैंने थोड़े ही दिया है. अब तो देनेवाला भी नहीं रहा, लेनेवाला भी नहीं रहा. सबको बराबर पानी दो और झगड़ा ख़तम करो.’’

सगळ्यात म्हातारा पंच तंबाखू मळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘तलावाचे मासे कोनाले जातेत, सेठजी?’’

‘‘मुझे जाते हैं.’’

‘‘सिंगाडे?’’

‘‘वो भी मुझे.’’

‘‘मंग? गाव घेतले तं गावासंगं जुना सबद बी आला. मासे तुमचे अन सबद मेलेल्या मालकाचा, असं कसं होईन? तलाव बांधला तव्हा याईची जमीन बुडाली. ते जमीन अजून पान्याखालीच हाये. वापस देता का काढून?’’

लोक हसले. सेठजीही हसला. तो व्यापारी होता, सौदा कशाला म्हणतात हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तो म्हणाला, ‘‘ठीक है, मान लिया. लेकिन उसी वचन में यह भी तो है ना, कि उसके घर का आदमी तुडुम खोलेगा? तो लाओ आदमी. पानी चाहिए तो काम भी उठाओ.’’

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माय सुतकात. दुसरं कोणी नाही. मग सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा अंघोळीलाही लोटा घेऊन बसणारा माणूस. तो उठून उभाच राहिला.

‘‘मी कायले उतरू? मी त्या घरचा नाई. अन घरजवाई तं मी होनार नाई, हे आत्ताच सांगून ठेवतो.’’

तेवढ्यात बायांमधून कोणीतरी बोललं, ‘‘पोरीचं सुतक तं फिटलं ना?’’

खरंच होतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस. ते फिटून गेलं होतं. पण मग दुसऱ्या पंचानं अडवलं. सुतक तीन दिवसांत फिटलं ते ती परक्या घरची झाली म्हणूनच ना? परक्या घरची असेल तर घरची म्हणून तलावात कशी उतरेल? हा पेच काही केल्या सुटेना. सेठजी एकदा याच्या तोंडाकडे बघायचा, एकदा त्याच्या. शेवटी म्हाताऱ्या पंचानं तंबाखू तोंडात टाकली आणि निकाल दिला.

‘‘सुतकाले परकी हाये, पान्याले घरची हाये.’’

एरवी मी हसले असते. बा जाऊन आठवडा झाला नव्हता, हसू कुठून येणार? मला कोणी विचारलं नाही. मी घरी गेले, पोरीला मायजवळ दिलं. मायला सगळं कळलं होतं. उंच बांधीवाचून तिच्याकडे काहीही नव्हतं. बांधी कोरडी राहिली असती तर त्या साली नव्हे, कुठल्याच साली तिला घरचा भात मिळाला नसता. ती म्हणाली, ‘‘जाय.’’ बाकी काही नाही.

मी काष्टा घट्ट मारला आणि उतरले. पहिल्या बुडीत डाट हलली नाही. दुसऱ्या बुडीत नाकात पाणी गेलं आणि मी वर येऊन खूप वेळ खोकत राहिले. लोकांना वाटलं, संपलं. तिसऱ्या बुडीत डाट निघाली. पाटात पाणी वाजलं आणि लोक मला पाण्यातच सोडून पाटाकडे पळाले. आता मला शेला द्यायचा तर बाईला शेला कसा द्यायचा? मग म्हाताऱ्या पंचाच्या सुनेनं माझी ओटी भरली, तांदूळ आणि नारळ घालून. ओटी भरली ती लेकीला सासरी पाठवताना भरतात तशी, आणि ठेवून घेतलं मला माहेरी.

नवरा म्हणाला, ‘‘धान कापून झालं का ये.’’ मी धान कापून झाल्यावर गेले. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायच्या वेळी परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. चार महिने सासरी, आठ महिने पाळीवर, असं काही वर्षं चाललं. सासूनं तोंड वाकडं केलं त्याचं मला काही वाटलं नाही, सासूचं तोंड वाकडं असतंच. पण नवरा एका उन्हाळ्यात एकटाच आला. जेवायला बसला. माझ्या हातचं वाटीभर वरण जास्त प्याला. मग म्हणाला, ‘‘दुसरी करून रायलो मी. घरी रांधनारी पाह्यजे. तू काई वाईट नाईस.’’

‘‘मी वाईट नाई ते मले मालूम हाये,’’ मी म्हटलं.

तो हसला आणि त्याचे डोळे भरले. मी त्याच्यापुढचं ताट उचललं. मला त्याचा राग आला नाही. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्यावर हात उगारला नव्हता की मोठ्यानं बोलला नव्हता. तो गेल्यावर मी भांडी घासता घासता रडले, खूप रडले. आणि रडून झाल्यावर टोपली-फावडं घेऊन पाळीवर गेले, कारण त्या दिवशी माती टाकायला लोक यायचे होते आणि मी गेले नसते तर कोणीच आलं नसतं.

पाळीवर बसून मी एक गोष्ट मात्र मिळवली. गावच्या शाळेचे मास्तर संध्याकाळी तिथे फिरायला यायचे, त्यांच्याकडून अक्षरं शिकले. बसायला वेळ भरपूर होता. समोर तलाव, मागे नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल, आणि हातात दगडी पाटी. गावानं यालाही नावं ठेवली. ठेवू देत.

आमच्या आळीच्या टोकाला एक ढीवर राहायचा. मासे धरणारा माणूस, पाण्यात माझ्यापेक्षा दसपट चांगला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू उतरत जा माझ्याऐवजी, माझ्या घरचा भात आणि माझ्या बांधीतला कोपरा तुझा. तो कबूल झाला. दोन-तीन वर्षं मी सुखानं झोपले. मग एका कार्तिकात त्यानं पाणी बंद करताना डाट नीट बसवली नाही. खालच्या अंगाला एकाचं कापलेलं धान बांधीत पसरून होतं, पाणी झिरपत झिरपत त्याखाली गेलं आणि धानाला कोंब आले. तो शेतकरी ढिवराच्या दारी गेला नाही. तो माझ्या दारी आला.

मी म्हटलं, ‘‘डाट त्यानं लावली. त्याले इचार.’’

‘‘हात त्याचा असन,’’ तो म्हणाला, ‘‘सबद तुहा हाये. मी त्याच्या तोंडाले कायले लागू?’’

मी पंचांकडे गेले. पंचांनीही तेच सांगितलं. पुढच्या साली मी माझं पहिलं पाणी त्या माणसाच्या बांधीला सोडलं आणि आमची बांधी उन्हात करपली. ढिवराला फार वाईट वाटलं. तो मासे घेऊन दारात आला. मी ते रांधून खाल्ले.

मग मी ठरवलं की हे असं अर्धवट नको. सेठजी आला तेव्हा ढिवराला सोबत घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, हे काम आता याचं समजा. जबाबदारीही याची. याला आमच्या जागी धरा.

सेठजीनं ढिवराकडे नीट पाहिलं. ‘‘आदमी अच्छा है,’’ तो म्हणाला. ‘‘लेकिन मेरा वचन तेरे घर से है. तेरी बांधी यहाँ है, तू भागकर कहाँ जाएगी? इसका क्या है, कल दूसरे तालाब पर चला गया और बाँध टूटा, तो मैं किसके दरवाज़े जाऊँ?’’

ढीवर मान खाली घालून उभा होता. मला त्याच्यापुढे लाज वाटली आणि सेठजीची चीडही आली. माझी बांधी मी बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, कोणाला दिली असती तर सेठजीनं विचारलंही नसतं. पहिलं पाणी आलेली बांधी मी उद्या विकली असती तरी कोणी अडवलं नसतं. चांगलं ते कोणाच्याही ओटीत घाला, कोणी हूं की चूं करत नाही. आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं म्हटलं, की समोरचा म्हणणार, मला हे डोकं पसंत नाही. मी हे सगळं सेठजीला ऐकवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘बाई, दुकान में बैठती तो मुझसे बड़ी सेठानी होती.’’ आणि दमणीत बसून निघून गेला.

पुढे माय गेली. तिला अग्नी दिल्यावर घरी येताना माझ्या मनात आलं, आता संपलं. मी उतरले होते ती मायच्या भातासाठी. माय गेली, भाताचं कारण गेलं. हे मी म्हाताऱ्या पंचाच्या मुलाला बोलून दाखवलं. म्हातारा पंचही तोवर गेला होता आणि त्याच्या जागी मुलगा बसत होता. तो म्हणाला, ‘‘माय गेली, पन बांधी कोनाले आली? तुलेच ना?’’ त्यालाही बापासारखंच मान वर न करता बोलायची सवय होती.

तोवर माझ्याजवळच वाढलेली माझी पोरगी लग्नाची झाली होती. मी तिला तुडुमाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. ती ढिवराच्या पोरींसोबत पोहायला शिकली, बुडी मारायला शिकली, आणि मला हे कळलं ते पाळीवरून जाताना तिला तुडुमाच्या दगडावर उभी पाहिली तेव्हा. मी तिला केसाला धरून घरी आणलं. ती म्हणाली, ‘‘काऊन मारतेस? मी काई चोरी करून रायलो का?’’

स्थळं यायला लागली. पहिलं आलं, त्यांनी पोरीचं तोंडही नीट पाहिलं नाही, बांधी पाहिली. दुसरं आलं, त्यांनी विचारलं, पहिलं पाणी जवायाच्या नावानं होईल का? आणि तुडुमाचं काम पोरगी करेल ना, आमच्या पोराला पाण्याचं भ्या वाटते. मी त्यांना सुपारी दिली आणि दार दाखवलं. त्या दिवशी मला माझं पुढचं सगळं दिसलं, पण ते माझं नव्हतं, पोरीचं होतं. तिचा नवरा फार तर चार वर्षं टिकेल. तीही पाळीवर बसेल. तिच्याही दारी कोणीतरी कोंब आलेलं धान घेऊन येईल. आणि एक दिवस ती मरेल आणि गावाचे लोक तिच्या पोरीच्या सुतकाचे दिवस मोजतील.

मी पोरीला काही बोलले नाही. सरळ पंचांना जमवलं आणि सेठजीला निरोप धाडला. सेठजी आता म्हातारा झाला होता, दमणीतून उतरताना दोघांचा हात लागायचा. मी म्हटलं, ‘‘पह्यलं पानी सोडलो. काम बी सोडलो. माह्या मागं माह्या पोरीच्या गळ्यात हे घालाचं नाई.’’

पंच एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या पाण्यासाठी लोक डोकी फोडतात. ते कोणी आपणहून सोडलेलं त्यांनी ऐकलंही नव्हतं. पंचाचा मुलगा म्हणाला, ‘‘पानी सोडता येते. काम कसं सोडशीन? काम तं गावाचं हाये तुह्यावर.’’

‘‘मनून तं गावाले इचारून रायलो,’’ मी म्हटलं.

सगळ्यांनी सेठजीकडे पाहिलं. त्याची मुलं गोंदियाला गिरणीच्या धंद्यात होती, त्यांना गावात यायचा कंटाळा होता. इंग्रज जाणार, मालगुजारीही जाणार असं जो तो बोलत होता. तो म्हणाला, ‘‘छोड़ दे बेटी. मेरे पीछे भी कौन निभानेवाला है? लेकिन एक बार छोड़ा तो लौटेगा नहीं. तेरी जमीन पानी के नीचे ही रहेगी.’’

‘‘राहू द्या,’’ मी म्हटलं.

मी गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळ भरली आणि सोडून दिली. तुडुमाचं काम घराघरांनी पाळीपाळीनं करायचं ठरलं. ते कसं चाललं ते विचारू नका. पहिल्याच वर्षी दोन घरं आपली पाळी आलीच नाही म्हणून भांडली. मला त्याच्याशी काही घेणं नव्हतं. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासाठी तरी काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं.

पोरगी गवताचा भारा घेऊन आली. गावातून येताना तिला कळलंच होतं. भारा तिनं दारात टाकला.

‘‘कोनाले इचारून सोडलीस?’’

‘‘माहं होतं, सोडलो.’’

‘‘तुहं होतं तं तुह्यापुरतं सोडाचं. तुह्यामागं ते माहं नव्हतं का?’’

मी तिला सगळं सांगितलं. तिच्या बापाचं सांगितलं, धानाच्या कोंबांचं सांगितलं, पाळीवर बसून आटलेल्या माझ्या जन्माचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘सेठजीले इचारलीस, पंचाईले इचारलीस. मले एक डाव तं इचारतीस. मले पान्यात उतराले आवडते. मी तुले कव्हा मनलो का मले इथून जाचं हाये?’’

मी चिडले. म्हटलं, आज बोलशील, पण सासरी सुखानं नांदायला लागलीस की माझ्या पाया पडशील. तिनं दारातला भारा उचलला आणि मागे नेऊन टाकला. पण तिला वाईट वाटलं म्हणून मी ठरवलेलं बदललं नसतं, आणि आजही बदलणार नाही.

त्याच वैशाखात मी तिचं लग्न लावलं. देवरीच्या बाजूला, जंगलाकाठच्या गावात. स्थळ मी स्वतः जाऊन पाहिलं. मोठा तलाव नाही, हे पहिलं पाहिलं. एक लहानशी बोडी होती, उन्हाळ्यात तिच्यात म्हशीही धड बुडत नसतील. मग बैल पाहिले, जवाई दारू पितो का ते शेजाऱ्यांना विचारलं, सासूचं तोंड किती चालतं ते पाणवठ्यावर बसून ऐकलं. सगळं ठीक होतं. मी देवाला नारळ फोडला.

पहिल्या वर्षी ती फारशी आली नाही. स्वातंत्र्याचे झेंडे लागले त्या साली दिवाळीला आली, कडेवर पोर घेऊन. वाळली होती. मी तिला जेवायला वाढलं आणि समोर बसले. धान कसं आहे, विचारलं.

‘‘बरं हाये. आमची बांधी पाटाच्या टोकाले हाये, पानी सगळ्याईच्या मागून येते. कव्हा येते, कव्हा नाई येत.’’

‘‘पाट? तिथं तं बोडी हाये ना फक्त?’’

‘‘बोडीचाच पाट. लहान हाये, पन पाळ फुटली का अख्खं गाव बुडते. पाळ आमच्याच घरानं राखाची, असं माह्या सासऱ्याच्या बापानं कोनाले तरी सबद देऊन ठेवला हाये. सासरा होता तंवर तो पाहे. तो गेला यंदा.’’

‘‘अन आता जवाई पाह्यते?’’

‘‘ते गिरनीत गेले गोंदियाले, कामाले.’’ तिनं पोराच्या तोंडात भाताचं शीत घातलं. ‘‘मले पान्यात उतरता येते मनून त्याईनं मलेच सांगतलं. मीच राखतो.’’

ती मला टोचून बोलत नव्हती. मिठाचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. ती पुरे म्हणाली तरी वाढतच राहिले.